प्रत क्रमांक ७१२

न्हावाशेव्याला मी दिवसभर दुसऱ्यांचे कंटेनर सोडवतो.
माझं स्वतःचं खोकं मात्र सतरा दिवस अडकलं
वर्गवारीत.
ड्रॅगन रेझिनचा, म्हणजे शोभेची मूर्ती.
चित्रांचं पुस्तक, म्हणजे पुस्तक.
तलवार साडेचार इंची, पण तलवारच.
साहेब म्हणाले, भोपी, नक्की मागवलंयस काय?
मी म्हणालो, खेळ.
त्यांनी खोकं कानाशी धरून हलवलं.
माझा सगळा जीव खोक्याच्या कोपऱ्यांत.
कोपरा चेपला की संपलं.

नेरूळच्या घरात अशी एकतीस आहेत, सीलबंद.
खाडीची हवा दमट, म्हणून प्रत्येकामागे
सिलिका जेलच्या पुड्या,
सोसायटीभरच्या बुटांच्या डब्यांतून जमवलेल्या.
हर्षाली म्हणते, कपाट आहे की आयसीयू.
खेळतोस कधी?

खेळायचो तेव्हा
वाशीच्या एका गाळ्यातून सीड्या आणायचो, पन्नासला एक,
वर मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीचं.
ज्या राज्यांतून रात्र रात्र फिरलो
त्यांचं हाताला लागेल असं काहीच नव्हतं माझ्याकडे.
ते आता घेतोय. हप्त्याने.

रविवारी चिंबोऱ्या घेऊन आलो
तर सातशे बाराचं सील फुटलेलं.
बाबा फरशीवर, चष्मा कपाळावर,
ड्रॅगन भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा,
आणि पुढ्यात कापडी नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
सील फुटलं की किंमत निम्मी.
मी उभाच. पिशवीत नांग्या खरवडत होत्या.

स्केल कुठाय? बाबा म्हणाले.
उत्तरेचा बाण नुसता नक्षीचा.
आणि ही नदी बघ, डोंगर चढते.
मग कापड अंगठ्याने चोळलं.
आमचं पातळ असायचं यापेक्षा, खळीचं.
घामाचा थेंब पडला की पूर्ण शीट बाद.

हिराजी भोपी, ट्रेसर, सिडको,
अठ्ठावीस वर्षं.
काय काढायचात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.
सेक्टर, ते म्हणाले. तेव्हा तिथं काय नव्हतं.
म्हणजे आपलं मिठागर होतं.
त्यावरून रेघ मीच मारली. शाईत, एका दमात.
मध्ये थांबलं की गाठ दिसते.

हा कोणी काढला?
उजव्या हाताला खाली
काढणाऱ्याची सही लागते, तपासणाऱ्याची लागते.
तिथे एक जलराक्षस होता.

पुस्तकात शोधलं, खोक्याच्या तळाशी शोधलं.
स्टीलच्या डबीत डिस्कसुद्धा नव्हती,
पुठ्ठ्यावर छापलेला एक कोड फक्त.
तो घातला. रात्रभर खेळ उतरत राहिला,
राउटरचा हिरवा दिवा भिंतीवर लुकलुकत.
सकाळी, एकही दार न उघडता,
कुणालाही न मारता,
मेनूतून सरळ श्रेयनामावली लावली.

आम्ही दोघं चहा घेऊन बसलो.
पोलंडची नावं, जपानची, मध्येच पुण्याची एक अख्खी फळी.
पाणी. धुकं. पेटलेलं गवत.
घोड्यांचे केस, सहा जण.
सहा? बाबा म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.
मग हिशेब खाती, मग कुणाकुणाची
त्या तीन वर्षांत जन्मलेली बाळं,
मग अनुवादक, मग वकील,
आणि एकोणतिसाव्या मिनिटाला
नकाशा
म्हणेपर्यंत वर निघून गेला.

थांबव. मागे घे.
मागे घेता येत नाही बाबा,
परत पहिल्यापासून लावावं लागतं.

लाव मग, ते म्हणाले,
आणि पेन्सिल शोधायला उठले.